वाऱ्याची बाजू

प्रभुभोजनाचा पेला तिच्या हाती आला तेव्हा अर्ध्याहून थोडा अधिक भरलेला होता. सत्यशीलेनं तो दोन्ही हातांनी घेतला, क्षणभर धरला आणि ओठांना न लावता शेजारी बसलेल्या तुळजाबाईकडे दिला. घडलं ते एवढंच. पण बायकांच्या बाजूच्या सतरंजीवर मागच्या रांगेत कुणाच्या तरी बांगड्या वाजायच्या थांबल्या, आणि तुळजाबाईनं पेला घेताना पदराआडून तिच्याकडे असं पाहिलं की तिचे कान गरम झाले. पेल्याच्या कडेचा मुलामा एका जागी उडाला होता. तिथं अलीकडच्या बाईच्या ओठांचा ओलसर डाग होता. तो तिनं नीट पाहिला होता. नुसत्या डोळ्यांना दिसलं ते तेवढंच. त्यात आणखी काही असेल तर ते पाहायला हजारपट मोठं करणारं भिंग लागतं, आणि ते भिंग मिशनच्या आवाराच्या दुसऱ्या टोकाला, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत, कापडी टोपीखाली झाकलेलं होतं. काल दुपारी तिनंच झाकलं होतं.

पूर्वी हा प्रसंगच आला नसता. पूर्वी लाकडी तबकात काचेच्या बोटभर पेल्या असायच्या, ज्याची त्याला. दोन-अडीच वर्षांमागे निरनिराळ्या ख्रिस्ती मंडळ्या मिळून एक झाल्या, तेव्हा वडीलमंडळींत बरीच वादावादी होऊन असं ठरलं की बसायची रीत जुनीच ठेवायची, पण पेला सगळ्यांचा एक. काही म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली होती. त्या बैठकीत सत्यशीला उभी राहिली होती आणि म्हणाली होती की एकाच पेल्यातून प्यायलो तर आपण एक आहोत हे जिभेलाही कळेल. मिरजेला प्रयोगशाळेचं शिक्षण घेतलेली मुलगी असं म्हणते म्हटल्यावर लोकांना धीर आला. आता तबकातल्या त्या पेल्या मागच्या कपाटात धूळ खात होत्या, आणि जिभेला काय कळायचं ते कळत होतं.

पेला रांगेतून पुढे चालला होता आणि ती त्याच्याकडे पाहत नव्हती. ती पुढच्या दोन रांगा ओलांडून बेबीनंदाच्या पाठीकडे पाहत होती. धाकट्या बहिणीनं वळून पाहिलं नव्हतं, पण तिची मान आखडली होती. म्हणजे तिला कुणीतरी कोपरखळी मारून सांगितलं होतं. मंडळीत रीत अशी होती की मनात कुणाविषयी आकस असेल तर पेला प्यायचा नाही, पुढे द्यायचा. उपासना सुटली की त्या माणसाच्या घरी जायचं, समेट करायचा, आणि पुढल्या प्रभुभोजनाला मोकळ्या मनानं पेला घ्यायचा. सत्यशीलेनं पेला पुढे दिला याचा अर्थ साऱ्या मंदिराला आपसूक लागला होता. बहिणी-बहिणींचं भांडण सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरा काही अर्थ असू शकतो हे कुणाच्या ध्यानात येणं शक्यच नव्हतं, आणि तिचीही ते ध्यानात आणून द्यायची हिंमत नव्हती.

मग शेवटचं भजन सुरू झालं. बाजाच्या पेटीवर सूर धरला गेला आणि सगळे उभे राहिले. सत्यशीलाही राहिली. तिनं ओठ मिटलेले ठेवले. हे पेल्यापेक्षा अवघड होतं. खरं तर पेल्याची भीती तिला कमीच होती. ओठांवरून पेल्याला, पेल्यावरून ओठांना, असा हा आजार फारसा पसरत नाही, हे ती शिकली होती. हा आजार श्वासातून जातो. माणूस खोकतो, बोलतो, आणि सगळ्यात जास्त, गातो, तेव्हा तोंडातून बारीक तुषार उडतात, ते हवेत सुकतात आणि तरंगत राहतात. मंदिराच्या खिडक्या धुळीसाठी बंद होत्या. पावसानं दगा दिल्यापासून जालन्याची धूळ कुठल्याही फटीतून आत येत होती, म्हणून मंडळीच्या वडिलांपैकी एक, पुंजाराम वडील, यांनी खिडक्यांना खिळे मारले होते. आत दीडशे माणसं उभी होती, छाती भरून श्वास घेत होती आणि गात होती. जिचा आवाज या गाण्यात सगळ्यांत वर असायचा ती एका खांबाकडे बघत उभी होती. घशात आलेली खोकल्याची उबळ तिनं पोट आवळून परत ढकलली. डोळ्यांत पाणी आलं. पलीकडच्या बाईनं ते पाहिलं आणि समजुतीनं मान हलवली. पश्चात्ताप, असं त्या मानेनं ठरवून टाकलं.

बाहेर कडुनिंबाखाली चपला शोधताना तुळजाबाईनं गाठलंच. ही दवाखान्यातली जुनी आया. बाप्तिस्म्याला चाळीस वर्षं झाली तरी तुळजाबाईच राहिलेली, आणि तोंडानं कुणालाही न भिणारी.

"काय गं, प्रभूवर रुसलीस का बहिणीवर?"

"कुणावर न्हाई, मावशी."

"मंग पेल्यात माशी पडल्ती का?"

सत्यशीला हसली. हसताना तोंडावर पदर घेतला. तुळजाबाईला ती लाज वाटली.

"लाजून काय होतंय. एकाच आईचं दूध पिलात दोघी. पोरीला ढकललंस, चुकलं, बाई. पण तिनंबी गल्लीभर बोंब मारायची गरज नव्हती."

पुंजाराम वडील किल्ल्यांचा जुडगा वाजवत आले. "सत्यशीलाबाई, तुम्ही बिलकुल जाऊ नका बहिणीकडं मस्तगडला. धाकटी हाय ती, तिनं यायला पाहिजे. मी बोलतो तिच्यासंगं."

"नका बोलू, वडील. माझं मी बघते."

"अहो, तुम्ही पेला सोडलात, तवाच बोलून झालं," वडील म्हणाले, आणि आपण एक बिघडलेलं काम सुधारायला निघालो आहोत अशा उत्साहानं पुरुषांच्या घोळक्याकडे गेले. त्यांना हाक मारावी असं तिला वाटलं. हाक मारायला श्वास लागला असता.

तिची खोली आवाराच्या कडेला होती. दोन खोल्या, दाराच्या एका अंगाला न्हाणी, डोक्यावर विजेचा पंखा. नोकरी कायम झाली तेव्हा या खोल्या मिळाल्या होत्या, आणि पंखा तिनं स्वतः घेतला होता. त्या वर्षीच्या उपकारस्तुतीच्या उपासनेला पाळकसाहेबांनी तिला साक्ष द्यायला उभं केलं होतं, आणि ती आनंदावर बोलली होती. माझ्या अंतःकरणात देवानं असा आनंद ठेवला आहे की तो परिस्थितीवर अवलंबून नाही, असं ती म्हणाली होती. बायकांनी डोळे पुसले होते. रात्री घरी आल्यावर ती पंख्याखाली पडली, घाम सुकत गेला, आणि एकदम मनात आलं, हा जो वाटतो आहे तो देवाचा आनंद आहे की पंख्याचा? दोन गोष्टी एकदम बदलल्या की परिणाम कशाचा ते सांगता येत नाही. एक स्थिर ठेवून दुसरी बदलून पाहावी लागते. तेव्हा हे मजेचं वाटलं होतं. त्यानंतर दुष्काळ आला. आवाराबाहेर रस्त्याच्या कडेनं बायका खडी फोडायला निघायच्या, डोक्यावर फडकी, कडेवर पोरं, आणि आवारात परदेशाहून गव्हाची आणि तेलाच्या डब्यांची मदत यायची. तिला काहीच कमी पडलं नाही. बेबीनंदाचा नवरा वसंता बियाण्यांच्या कारखान्यात पोती उचलायचा, तो एकदा हसत म्हणाला होता, "आक्का, तुमचा प्रभू आवाराच्या आतच राहतो व्हय? भिंतीवरून उडी मारून मस्तगडला येत न्हाई का कधी?" सगळे हसले होते. तीही हसली होती, आणि त्या रात्री पंखा लावला नव्हता. असल्या छोट्या प्रायश्चित्तानं काही सिद्ध होत नाही हेही तिला ठाऊक होतं.

आता प्रयोग खरोखर सुरू झाला होता. एक गोष्ट कुणीतरी बदलली होती. आणि आत हात घालून पाहिलं तर हाताला लागत होती फक्त भीती.

काल दुपारी शेवटची काचपट्टी झाल्यावर तिनं आणखी एक घेतली होती. तिच्यावर नंबर घातला नाही, नाव घातलं नाही. सकाळचा बेडका डबीत होता. काडीनं पातळ पसरला, ज्योतीवरून फिरवून सुकवला, लाल रंग ओतला, वाफ येईपर्यंत खालून तापवला, आम्लानं धुतला, मग निळा रंग. हात रोजच्यासारखे चालत होते. भिंगाखाली पट्टी सरकवली, तेलाचा थेंब टाकला, आणि निळ्या धुक्यात क्षयाच्या जंतूंच्या लाल काड्या दिसल्या. बारीक, किंचित वाकड्या, दोन जवळजवळ, एक एकटी. आणि तिला सगळ्यांत आधी आनंद झाला होता. रंग छान चढला आहे, असं तिच्या मनात आलं होतं. इतकी स्वच्छ पट्टी महिन्यात एखादीच साधते. तो आनंद किती वेळ टिकला हे तिला सांगता येणार नव्हतं. एक श्वास, फार तर दोन. मग पट्टी कुणाची आहे ते आठवलं. खोलीत कुणी नव्हतं. बाहेर कंपाउंडर कुणाला तरी ओरडून सांगत होता की बाटली घरून आणा. तिनं पट्टी काढली, जंतुनाशकाच्या बरणीत सोडली, भिंगाचं तेल पुसलं, टोपी घातली. डॉक्टरसाहेब अंबडकडे दुष्काळी कामांवरच्या माणसांना लसी टोचायला गेले होते, सोमवारी येणार होते. सोमवारी सांगायचं. तोवर फक्त रविवार होता.

रविवारीच सगळं ठेवलेलं होतं.

तिनं माठातलं पाणी घेतलं आणि पेला वेगळा ठेवला. कालपासून तिनं स्वतःची भांडी खिडकीतल्या फळीवर वेगळी लावली होती. ती मांडणी पाहताना तिला कौसल्या सिस्टर आठवत होती. कौसल्येला असंच झालं होतं. सहा-सात वर्षांमागे ती दूरच्या आरोग्यधामात गेली आणि बरी होऊन परतली. बरी म्हणजे पूर्ण बरी. सत्यशीलेनंच तिच्या तीन पट्ट्या पाहिल्या होत्या, लाल काडी औषधालाही नव्हती. पण ती आली तेव्हा तिच्या खोलीला चुना दिलेला होता, भजनमंडळात तिच्या जागी दुसरी बाई उभी होती, आणि तिच्या घरचा चहा लोक कपात ठेवून गप्पा मारायचे आणि तसाच ठेवून उठायचे. कौसल्या एकदा म्हणाली होती, "माझ्या अंगातले जंतू मेले गं, लोकांच्या डोळ्यातले न्हाई मेले." मग तिनं बदली करून घेतली. सत्यशीलेनं तिचा चहा प्यायला होता. मात्र पिताना ती प्रत्येक घोट मोजत होती, हे कौसल्येला कळलं असेल का, याची तिला आजही खात्री नव्हती.

आणि दुसरी भीती, जी ती स्वतःशीही नीट उच्चारत नव्हती. मंडळीला कळलं की पाळकसाहेब प्रार्थना करतील, आणि ती चांगलीच असेल. मग कधीतरी, ती बरी झाली किंवा होत आली, की म्हणतील, सत्यशीलाबाई, संकटातल्या आनंदाविषयी साक्ष द्या. तेव्हा ती काय सांगणार होती? की मी आत जाऊन पाहिलं आणि तिथं काही नव्हतं?

आबांना सांगता आलं असतं. आबा म्हणजे तिचे वडील, कडूबा उपदेशक. बाप्तिस्मा देणाऱ्या साहेबानं दुसरं नाव सुचवलं तर हे म्हणाले, आईनं ठेवलेलं नाव आहे, देव काय मला नव्यानं शोधत बसणार आहे का. अंबडच्या बाजूची खेडी ते पायी हिंडायचे, खांद्यावर झोळी, झोळीत पुस्तकं आणि एक झांज. घरी यायचे ते पायांना धुळीचे मोजे चढवून. भाकरी असली तर असायची. नसली की आबा मोकळी ताटं मांडायला लावायचे, सत्यशीलेला मांडीवर घ्यायचे, एक ताट पालथं घालून त्याच्यावर बोटांनी ठेका धरायचे आणि जेवणाआधीचं गाणं पूर्ण म्हणायला लावायचे. आई चिडायची. "पोटात न्हाई ते गळ्यात कुठून आणता?" आबा म्हणायचे, "गळा वेगळा, पोट वेगळं. दोन्हीचा हिशेब एका जागी मांडू नको." आणि हसायचे, आणि हसता हसता खोकायचे. तिला ते गाणं आवडायचं नाही. शेजारी ऐकतील म्हणून लाज वाटायची. पण मांडी आवडायची, आणि कानाच्या अगदी जवळ येणारा तो गरम, किंचित आंबूस वासाचा श्वास. गाण्याचा प्रत्येक शब्द तिच्या गालावर यायचा. आबा गेले तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि बेबीनंदा सहा. त्यांना काय झालं होतं ते त्या वेळी कुणी नाव घेऊन सांगितलं नाही. पुढं मिरजेला शिकताना तिला कळलं की हे जंतू अंगात शिरतात आणि वर्षानुवर्षं गप्प पडून राहतात. शरीर त्यांच्याभोवती भिंत बांधतं, आणि कधीतरी ती भिंत ढासळते. त्या तासाला तिनं वहीत सगळं उतरवून घेतलं होतं आणि आबांची मांडी तिला आठवली नव्हती. काल आठवली. गाणं ज्या श्वासानं आलं त्याच श्वासानं हेही आलं. दोन्ही एकाच वेळी तिच्या गालावर पडलं होतं. लाल रंग चढल्यावर आम्लानं धुतलं तरी ज्यांचा रंग जात नाही ते हे जंतू. आणि आबांचा आनंदही तसाच होता, कशानं न धुतला जाणारा, असं मनात आलं आणि ती दचकली. अशी तुलना करणाऱ्या मनाला काय म्हणावं?

आणि मग ज्या विचाराभोवती ती सकाळपासून फिरत होती तो समोर येऊन बसला. सुवार्ता. बेबीनंदाची मुलगी, पाच वर्षांची. रोज संध्याकाळी आई मस्तगडहून तिला इथं सोडायची आणि शिवणकाम द्यायला जायची. सत्यशीला तिला मांडीवर घ्यायची आणि गाणी शिकवायची. तोंडाशी तोंड नेऊन, ओठ कसे उघडायचे ते दाखवत. पोरीचा गळा आबांवर गेला होता. सत्यशीलेचा हा खोकला दिवाळीनंतरचा. आधी तिला धुळीचा वाटला, मग थंडीचा. संध्याकाळी अंग कोमट व्हायला लागलं तेव्हा पहिल्यांदा शंका आली, आणि त्याच आठवड्यात, भजनाच्या सरावाला सगळ्या बायका जमलेल्या असताना सुवार्ता सवयीनं मांडीवर चढली आणि सत्यशीलेनं तिला जोरात ढकललं. "ऊठ! जा तिकडं!" पोर पेटीच्या कोपऱ्यावर पडली, कोपर फुटलं. बेबीनंदानं तिला उचललं, सगळ्यांसमोर म्हणाली, "तुला लेकरू झालं असतं तर कळलं असतं," आणि निघून गेली. सत्यशीलेनं उत्तर दिलं नव्हतं. खरं कारण देता आलं असतं. पण त्या वेळी ती नुसती शंका होती, आणि शंकेवर बोलायचं नाही अशी तिला शिस्त होती. ती शिस्त होती की भीतीनं शिस्तीचा पदर घेतला होता, हे आता पट्टीवर घालून बघता येत नव्हतं. पोरीनं आधीचे दोन महिने किती श्वास घेतले? आता ते परत घेता येत नव्हते. तपासता मात्र येत होतं. त्यासाठी सांगावं लागणार होतं.

सोमवारी, तिनं पुन्हा ठरवलं, आणि त्याच वेळी दारात सावली आली.

"आक्का."

बेबीनंदा दारात उभी होती. डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेलं ताट. मागं सुवार्ता, केसांना तेल, सकाळचाच फ्रॉक. पुंजाराम वडिलांनी काम फार जल्दी केलं होतं.

"माझंच चुकलं, आक्का. मी तसं बोलायला नको होतं. आजपावतर कधी तू पेला सोडला न्हाई. माझ्यापायी सोडलास. मी तिथंच रडत बसल्ते." बोलता बोलता ती उंबऱ्याशी वाकून फडकं सोडू लागली. "मिलो जवारीची भाकरी हाय अन् चटणी. एका ताटात जेवू. आबा लावायचे तसं."

आबांचीच ही रीत होती. भांडण मिटलं की एका ताटात, एका भाकरीचे दोन्हीकडून तुकडे. सत्यशीला खाटेवरून उठून भिंतीकडे सरकली.

"थांब. आत येऊ नको."

बेबीनंदाचे हात फडक्यावरच थांबले. "अजूनबी?"

"तसं न्हाई. बेबी, तू आधी..."

तेवढ्यात पोर आईच्या बगलेखालून आत शिरली, पळत आली आणि मावशीच्या गुडघ्यांना मिठी मारून उभी राहिली. सत्यशीलेनं श्वास धरला. हनुवटी छताकडे केली. मांड्यांना त्या छोट्या हातांची ऊब लागत होती, पोटाशी तेल लावलेलं डोकं घासत होतं, आणि वर पंखा फिरत होता, खोलीतली सगळी हवा ढवळत होती. पोरीला पुन्हा ढकलायचं नव्हतं. न ढकलता दूर करायचं तर बोलावं लागणार होतं, आणि बोलायला श्वास सोडावा लागणार होता. तिनं हात लांब करून आधी पंखा बंद केला. मग तोंड भिंतीकडे वळवून, पदराचा बोळा ओठांवर धरून म्हणाली, "बेबी, पोरीला घे. मला आबांसारखं झालंय."

मागं उंबऱ्यावर ताट आदळलं. मग पावलं, आणि गुडघ्यांवरची ऊब एकदम सुटली. ती वळली तेव्हा बेबीनंदा पोरीला कडेवर घेऊन उंबऱ्याच्या बाहेर, चार पावलं लांब उभी होती. ती पावलं सत्यशीलेनं पाहिली. याच पावलांना ती घाबरत होती. आणि ती पडलेली पाहून तिच्या मनात पहिला शब्द आला तो 'बरोबर'.

"आबांसारखं म्हंजे?"

"म्हणजे तेच. काल मी स्वतः बघितलं, भिंगाखाली. म्हणून पेला सोडला. तुझ्यावर राग नव्हता."

"अन् मी इथं माफी मागून राह्यले!" बेबीनंदा म्हणाली, आणि तिच्या तोंडातून हसण्यासारखा एक विचित्र आवाज निघाला. मग चेहरा बदलला. "कवापासून?"

"खोकला दिवाळीपासून."

"दिवाळीपासून." ती शब्द चावत म्हणाली. "दिवाळीपासून ही रोज तुझ्या मांडीवर. तू शिकलेली न्हाईस का, आक्का? आमच्यासारखी असतीस तर गोष्ट वेगळी. तू तर लोकांचं थुंकं बघून सांगतीस. तुला कळलं न्हाई?"

"उशिरा कळलं. कळल्यावर ढकललं तिला. पण का ते सांगितलं न्हाई. सांगायला पाहिजे होतं."

"काहून न्हाई सांगितलं?"

"भ्याले."

हे एवढं लहान उत्तर होतं याचं तिचं तिलाच नवल वाटलं. सुवार्ता आईच्या खांद्यावरून दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. बेबीनंदानं पोरीचं कपाळ चाचपलं, मग पाठ, मग पुन्हा कपाळ, जणू काही हाताला लागेल.

"उद्या सकाळी तिला दवाखान्यात आण," सत्यशीला दाराच्या आतूनच म्हणाली. आता आवाज स्थिर येत होता. हे शब्द तिनं इतरांच्या आयांना कितीदा सांगितले होते. "हातावर बारीक सुई टोचतात. दोन-तीन दिवसांनी तिथं फुगतं का ते बघतात. फुगलं तरी लगेच आजार आहे असं न्हाई. अन् असला तरी आता औषध आहे. गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत. आबांच्या वेळी आपल्यापर्यंत काही पोचलं नव्हतं. वसंतालाही आण, अन् तूही ये."

"अन् तू?"

"मला पाठवतील कुठंतरी. वर्ष-दीड वर्ष औषध. मग बघू."

बेबीनंदानं पोरीला कडेवर सावरलं. ती वळली. जाते आहे, असं सत्यशीलेला वाटलं, आणि ती जाणंही बरोबरच होतं. पण बेबीनंदा आवारातल्या कडुनिंबाच्या पारापर्यंत गेली, पोरीला खाली ठेवलं, परत उंबऱ्यापाशी आली, ताट उचललं. लाल भाकरी मोडली. अर्धी, चटणीच्या गोळ्यासकट, फडक्यावर उंबऱ्याच्या आत सरकवली, आणि अर्धी ताटात घेऊन पाराकडे गेली. "जेव," ती लांबूनच ओरडली. रागातच होती. "मला तुझा अजून राग हाय. पण जेव."

सत्यशीला उंबऱ्याच्या आत खाली बसली. भाकरीचा तुकडा कडक होता, मिलोला नेहमी येतो तसा किंचित कुबट वास होता. पारावर बेबीनंदानं पहिला घास पोरीच्या तोंडाकडे नेला, आणि पोरीनं तोंड मिटलं. तिला मावशीनं शिकवलं होतं. आधी गाणं, मग घास. बेबीनंदानं एक वैतागाचा सुस्कारा टाकला, ताट एका हातानं तोललं, दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्याच्या कडेवर ठेका धरला. पोर गायला लागली.

सत्यशीला ताडकन उठली. कडुनिंबाची पानं दारापासून पलीकडे झुकली होती. म्हणजे वारा तिच्या दारातून पाराकडे वाहत होता. बाहेरच्या मोकळ्या हवेत, एवढ्या अंतरावर, उन्हात, धोका जवळजवळ नव्हता. हे तिला पाठ होतं. तरी तिनं उंबऱ्यातली चिमूटभर धूळ उचलून सोडली, आणि ती पाराकडे गेलेली पाहिली.

"बेबी! तिथं नको बसू. या बाजूला बस, न्हाणीकडं."

"काहून?"

"वारा माझ्याकडून तुमच्याकडं चाललाय. तुमच्याकडून माझ्याकडं आला पाहिजे."

"आता वाऱ्यालाबी विचारून बसायचं का?"

"हो."

बेबीनंदानं तिच्याकडे पाहिलं. मग ताट उचललं, पोरीला दंडाला धरून न्हाणीच्या भिंतीशी आणलं आणि तिथं जमिनीवर बसली. गाणं मध्येच तुटलं होतं ते पोरीनं पुन्हा पहिल्यापासून धरलं, आणि आता ते सरळ दाराकडे येऊ लागलं. आबांचा गळा, आबांची ती ओळीच्या शेवटी किंचित वर जाण्याची खोड. सत्यशीला ओठ मिटून चौकटीला टेकून उभी राहिली. तिची नजर पोरीच्या हातावर होती, कोपराच्या खालच्या त्या गोऱ्या जागेवर, जिथं उद्या सुई टोचायची होती आणि मग वाट पाहायची होती. भीती होती तिथंच होती, जराही हलली नव्हती. तिच्या शेजारी आणखीही काहीतरी येऊन उभं राहिलं होतं. त्याला नाव द्यायची तिची तयारी नव्हती. साक्ष द्यायची झाली तर एवढीच देता आली असती, की भिंतीशी बसून एक पोर गात होती आणि मला ऐकू येत होतं.

दुसऱ्या कडव्याला झाडावरची पानं थांबली. आवारातली धूळ जागच्या जागी उभी राहिली. मग न्हाणीच्या छपरावरचं पत्र्याचं झाकण खडखडलं आणि पानं उलट्या बाजूला कलली. सत्यशीला एक पाऊल आत सरली, पदर तोंडावर घेतला.

"बेबी, सरक! फिरला वारा."

बेबीनंदानं मान वर केली नाही. ठेका चालूच ठेवून तिनं एका हातानं ताट धरलं, पोरीला पुढे घातलं आणि उठून पाराकडे निघाली. आणि पोर चालता चालता गात राहिली.